डिमेन्शिया नेमका कोणता? ऑटोनॉमिक चाचणीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

सकाळचे साडेनऊ. आजोबा चाचणीच्या खाटेवर टेकतात आणि मुलगा कौतुकाने सांगतो, "त्यांना चहा-पोहे देऊन, सगळ्या गोळ्या देऊनच आणलंय." झालं. ती चाचणी सुरू होण्याआधीच निम्मी वाया गेलेली असते. दोष मुलाचा नाही, त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. चिठ्ठीवर फक्त "एएफटी" एवढी तीन अक्षरं असतात.

हा लेख त्या तीन अक्षरांच्या आधी आणि नंतर काय करायचं याबद्दल आहे. अल्झायमर आणि लेवी बॉडी डिमेन्शिया हे दोन आजार सुरुवातीला एकमेकांत सहज मिसळतात. लेवी बॉडीमध्ये मेंदूबरोबरच हृदय, रक्तवाहिन्या, आतडी आणि मूत्राशय सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंचीही पडझड होते, कित्येकदा विसरायला लागण्याच्या आधीपासून. अल्झायमरमध्ये ती सहसा इतकी ठळक नसते. ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट, म्हणजे एएफटी, हा फरक आकड्यांत पकडायचा प्रयत्न करते.

प्रकार कळण्याची घाई कशासाठी? भास होणाऱ्या, रात्री ओरडणाऱ्या वृद्धाला शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं जातं. लेवी बॉडीच्या रुग्णाचं शरीर त्याने लाकडासारखं ताठरू शकतं, शुद्ध हरपू शकते, जिवावरही बेतू शकतं.

१. चाचणीचं नाव नीट वाचा

"नसांची टेस्ट सांगितलीये" एवढं ऐकून बरेच जण एनसीव्ही करून येतात. त्यात हातापायांच्या नसांना हलके झटके देऊन त्यांचा वेग मोजतात. डिमेन्शिया अल्झायमरचा की लेवी बॉडीचा, हे एनसीव्ही सांगत नाही. पैसे जातात, आजोबा वैतागतात आणि मूळ प्रश्न तिथंच राहतो.

एनसीव्हीला अर्थ आहे तो दोन ठिकाणी. पायांना मुंग्या येत असतील, चालताना जमीन नीट जाणवत नसेल आणि बी-१२ कमी असेल, तर नसांचं नुकसान किती झालंय ते कळतं. दुसरं म्हणजे वागणं-बोलणं बदललंय आणि जोडीला हातापायांचे स्नायू झिजतायत, फडफडतायत. अशा वेळी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाबरोबर मोटर न्यूरॉनचा आजार आहे का, हे पाहायला एनसीव्हीसोबत ईएमजी, म्हणजे स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदवणारी चाचणी, लागते.

*पुढे जाण्याआधी तपासा:* बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, लघवीची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय किंवा सीटी झालाय ना? वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं बी-१२ न तपासता थेट एएफटीला पाठवलेलं मी पाहिलंय. गोंधळ गेल्या दोन-चार दिवसांत एकदम वाढला असेल तर आधी लघवीचा किंवा छातीचा संसर्ग शोधा. तशा अवस्थेत केलेल्या चाचणीचा रिपोर्ट कुठल्याच कामाचा नसतो.

२. घरची वही

एएफटीचा अर्थ लक्षणांशेजारी ठेवूनच लागतो. म्हणून वहीत सन-महिन्यासकट लिहा: बद्धकोष्ठ कधीपासून, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी कधीपासून, लघवीवरचा ताबा कधी सुटला, वास येईनासा कधी झाला, चालणं कधी मंदावलं, भास कोणते. लेवी बॉडीतले भास बहुधा डोळ्यांना दिसणारे आणि तपशीलवार असतात. कोपऱ्यात बसलेली लहान मुलं, मांजर, दारात उभी असलेली माणसं. दिवसागणिक चढउतार आहेत का तेही लिहा. सकाळी पेपर वाचून त्यावर वाद घालणारा माणूस दुपारी तासभर शून्यात बघत बसतो का?

झोपेचं मात्र मुलाला विचारू नका, आजींना विचारा. एकदा मुलगा ठामपणे म्हणाला, "झोप उत्तम आहे." आजी कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या, "पंधरा वर्षं झाली, मी खाली गादी टाकून झोपते. हे झोपेत लाथा मारतात, कुणाशी तरी भांडतात." घरात कुणालाच हा आजार वाटला नव्हता. स्वप्नं अशी अंगाने जगली जाणं हे लेवी बॉडीच्या चार मुख्य लक्षणांपैकी एक आहे. उरलेली तीन म्हणजे चढउतार, दृष्टीचे भास आणि कंपवातासारखी मंद, ताठर हालचाल.

३. औषधांची यादी, डोळ्यांच्या थेंबांसकट

सगळ्यात जास्त रिपोर्ट बिघडतात ते इथे. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, आठवणीतून सांगू नका. विशेष लक्ष द्यायची औषधं ही:

- प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन आणि बीपीसाठीची प्राझोसिन. उभं राहिल्यावर बीपी पाडतात.
- मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर. हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत.
- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. शरीरातलं पाणी कमी करतात.
- अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल. ठोक्यांचा चढउतार सपाट करतात, शिवाय स्मरणशक्तीलाही मारक.
- लेव्होडोपा. कंपवाताचं औषध, तेही बीपी उतरवतं.
- डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन. ठोके मंदावू शकतात.
- सर्दीच्या गोळ्या. यांना कुणी औषधात धरतच नाही.
- काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घातलेला बीटा ब्लॉकर रक्तातही उतरतो.

*सावधान:* यातलं एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, किंवा थांबवायचीच नाही, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर घ्या. औषध थांबवणं शक्यच नसेल तरी चाचणी करता येते, फक्त ते रिपोर्टवर नोंदलेलं हवं.

४. घरी झोपून-उभं राहून बीपी

लॅबच्या तारखेआधी हे तीन सकाळी करा. खर्च काही नाही आणि पुष्कळदा निम्मं उत्तर इथेच मिळतं. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. वेळ सकाळी उठल्या उठल्या, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्यांच्या आधी. बीपी पडण्याचा त्रास सकाळीच जास्त असतो.

१. पलंगावर सपाट झोपवा, किमान पाच मिनिटं. घड्याळ लावा. अंदाजाने "झाली असतील पाच" म्हणता तेव्हा दोनच झालेली असतात.
२. झोपूनच बीपी आणि नाडी मोजून लिहा. पट्टा काढू नका.
३. उभं करा. एकाने धरायला शेजारी उभं राहावं, मागे खुर्ची ठेवावी.
४. उभं राहिल्यापासून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. दोन्ही वेळा नाडीसुद्धा लिहा.
५. उभ्याने मोजताना हात हृदयाच्या उंचीवर टेकवून धरा, टेबलावर किंवा तुमच्या खांद्यावर.

पाचव्या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. हात खाली लोंबकळत राहिला की पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली, तितकं बीपी खोटं जास्त दिसतं. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ अंक. २० अंकांची घट शोधताय आणि १५ अंक हातानेच लपवले, असा प्रकार होतो. दुसरी चूक म्हणजे झोपून मोजण्याऐवजी बसून मोजणं. बसल्यावर रक्त आधीच थोडं पायांकडे उतरलेलं असतं, मग उभं राहिल्यावरची घट छोटी दिसते.

तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरून खालीच राहिला, तर घट खरी धरायची. झोपून बीपी मुळातच खूप जास्त असेल तर वरच्या आकड्यासाठी ३० ची घट धरतात.

आता नाडीकडे बघा. समजा झोपून १४८/८२, नाडी ६८. तीन मिनिटांनी ११२/६८, नाडी ७३. बीपी ३६ ने पडलं आणि नाडी वाढली फक्त ५. निरोगी मज्जासंस्था एवढ्या घटीला नाडी पळवते. नाडीतली वाढ भागिले वरच्या आकड्यातली घट, इथे ५ भागिले ३६, म्हणजे सुमारे ०.१४. हे गुणोत्तर ०.५ पेक्षा कमी असेल तर कारण मज्जातंतूंमध्ये असण्याची शक्यता वाढते. याउलट १३० वरून १०४ वर आलं आणि नाडी ७० वरून ९८ झाली, तर २८ भागिले २६, म्हणजे १.०८. मज्जातंतू आपलं काम करतायत. पाणी कमी पडलंय, जुलाब झालेत किंवा एखादी गोळी जास्त होतेय. बीटा ब्लॉकर, पेसमेकर किंवा ठोके अनियमित असतील तर हा हिशेब लागू होत नाही.

*थांबा:* डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले, मान-खांदे ओढल्यासारखे दुखू लागले की लगेच झोपवा. तीन मिनिटं पूर्ण करायचा हट्ट नको. ज्यांना उभं राहताच येत नाही त्यांच्यावर हा प्रयोग घरी करू नका.

जाता जाता एक गोष्ट. लेवी बॉडीच्या पुष्कळ रुग्णांचं झोपून बीपी वाढलेलं आणि उभ्याने पडलेलं असतं. दवाखान्यात ते बसून मोजलं जातं, जास्त दिसतं, गोळी वाढवली जाते आणि आठवड्याभरात आजोबा बाथरूममध्ये पडतात. तुमचे तीन सकाळचे आकडे फॅमिली डॉक्टरांनाही दाखवा.

५. आदला दिवस आणि चाचणीची सकाळ

वेळ घेताना रुग्णाचा दिवसातला बरा तास कोणता ते सांगा. चाचणीत सूचना ऐकून तसं करावं लागतं. गुंगीच्या तासात ते जमत नाही आणि "सहकार्य केले नाही" एवढंच रिपोर्टवर उमटतं.

चहा, कॉफी, तंबाखू, मशेरी आदल्या रात्रीपासून बंद. मशेरीचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण आजीला कुणी विचारत नाही. दारू किमान २४ तास आधी बंद. पोटभर जेवून दोन तासांच्या आत चाचणी नको, कारण जेवणानंतरही बीपी पडतं. पण मधुमेही माणसाला उपाशीही आणू नका. साखर उतरली तर घाम, धडधड, गोंधळ सगळं येतं आणि ते सगळं आलेखात दिसतं. हलकी न्याहारी दोन-तीन तास आधी, आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आधी विचारून. पाणी नेहमीसारखं पाजा. प्रवासात लघवी लागेल म्हणून सकाळपासून पाणी तोडलेले आजोबा हमखास भेटतात, आणि त्यांचं बीपी त्यामुळेच पडलेलं असतं.

कपडे सैल, पुढून उघडणारे. पायांत घट्ट मोजे किंवा पोटाला पट्टा नको. श्रवणयंत्र आणि चष्मा आठवणीने आणा. खोलीत शिरण्याआधी लघवी करून घ्या.

६. लॅबमधला क्रम

अशी स्वतंत्र लॅब सगळीकडे नसते. दिल्लीच्या एम्समध्ये, बंगळुरूच्या निमहान्समध्ये आहे. इतरत्र मोठ्या न्यूरॉलॉजी विभागांत किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात चौकशी करा. फोनवर एवढंच विचारा: "झोपून दहा मिनिटं विश्रांती देता का, आणि बीपी ठोक्यागणिक मोजता का?" पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तर दुसरीकडे बघा.

*विश्रांती.* ईसीजीचे पट्टे लावून शांत पडून राहायचं. नातेवाईक इथे सगळ्यात जास्त बोलतात. "बाबा, घाबरू नका हं" असं दर मिनिटाला म्हटलं की बाबांचे ठोके वाढतात. हात धरून बसा, गप्प बसा.

*खोल श्वास.* मिनिटाला सहा श्वास. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना उतरतात, आणि हा चढउतार किती हे मोजायचं. डिमेन्शियाच्या रुग्णाला आकडे मोजायला सांगितलं की तो आकड्यांतच अडकतो. मी तोंडाने काहीच सांगत नाही, तळहात सावकाश वर नेतो आणि सावकाश खाली आणतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला छाती हाताबरोबर चालू लागते. आधी एकदा सराव करून मगच नोंद घ्यावी. जुन्या मापानुसार फरक मिनिटाला १५ किंवा जास्त ठोक्यांचा असेल तर चांगला, १० किंवा कमी असेल तर बिघाड. पण वयाबरोबर हा फरक सगळ्यांचाच कमी होतो. ७८ वर्षांच्या माणसाला हे माप सरसकट लावलं तर निरोगी आजोबाही आजारी ठरतील. वयानुसार सामान्य मर्यादा रिपोर्टवर छापून मागा.

*उभं राहणं किंवा टिल्ट टेबल.* स्वतः उठता येत नसेल तर पट्टे बांधून टेबल किमान ६० अंशांपर्यंत उभं करतात. घरी तीन मिनिटांत घट दिसली नाही पण उभ्या-उभ्या पडण्याचा इतिहास आहे, अशांना दहा मिनिटं उभं ठेवायला सांगा. काहींचं बीपी उशिरा घसरतं.

*वल्साल्वा.* नळीत फुंकून ४० मिलिमीटर दाब १५ सेकंद धरायचा. इथली चूक गालांत असते. गाल फुगवून दाब धरला तर काटा चाळिसावर दिसतो, पण छातीत काहीच होत नाही. म्हणून नळीला बारीक गळती ठेवतात, म्हणजे छातीतून हवा सोडत राहावीच लागते. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर सोडून द्यावं.

*सावधान:* डोळ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, मधुमेहामुळे पडद्यात रक्तस्राव, काचबिंदू, नुकताच हार्ट अटॅक किंवा हृदयाची झडप आखडलेली असेल तर वल्साल्वा आणि मूठ दाबून धरण्याची चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नका.

मूठ दाबून धरण्याची चाचणी सगळ्यात शेवटी. पूर्ण ताकदीच्या ३० टक्के जोर पाच मिनिटांपर्यंत धरायचा असतो. डिमेन्शियात ती क्वचितच धड होते. तिच्यावाचून अडत नाही.

७. रिपोर्ट हातात आल्यावर

पहिली नजर निष्कर्षावर नको, वरच्या कोपऱ्यावर जाऊ द्या. औषधं नोंदलीत का? मधुमेह लिहिलाय का? ठोके नियमित होते का? एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके कायम अनियमित पडण्याचा आजार, असेल तर ठोक्यांवर बेतलेले सगळे आकडे रद्द समजा. बीपीची घट तेवढी विचारात घ्या, आणि बीपी यंत्राऐवजी हाताने, स्टेथोस्कोप लावून मोजलं होतं का ते विचारा.

मग मधुमेह. आपल्याकडे ही सगळ्यात मोठी अडचण. दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह हृदयाच्या स्वायत्त नसा स्वतःच खराब करतो, आणि आलेख लेवी बॉडीसारखाच दिसू शकतो. अशा माणसाचा बिघडलेला एएफटी रिपोर्ट डिमेन्शियाच्या प्रकाराबद्दल फारसं काही सांगत नाही. याउलट मधुमेह नाही, गडबड करणारी औषधं नाहीत, तरीही बीपी ३५ ने पडतं आणि नाडी हलत नाही. वहीत झोपेतल्या लाथा आणि भिंतीवरची माणसं आहेत. असा रिपोर्ट लेवी बॉडीच्या बाजूने चांगलंच वजन टाकतो.

रिपोर्ट सामान्य आला म्हणून लेवी बॉडी नाही असं होत नाही. बिघडलेला आला म्हणून अल्झायमर नाही असंही होत नाही. वयस्कर मेंदूत दोन्ही आजार एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. कंपवातानंतर येणारा डिमेन्शिया आणि लेवी बॉडी डिमेन्शिया यांत एएफटी फरक करूच शकत नाही, दोन्हींत नसा सारख्याच बिघडतात. तिथे वहीतल्या तारखा कामी येतात: हालचालींचा त्रास विसरण्याच्या वर्षभर किंवा त्याहून आधीचा असेल तर कंपवातातला, नाहीतर लेवी बॉडी. स्वायत्त बिघाड भयंकर, चालणं बिघडलेलं, पण स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असेल तर डॉक्टर मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या कंपवातासारख्या पण वेगळ्या आजाराचा विचार करतात.

८. पुढची पायरी

लेवी बॉडीच्या निदानासाठीच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत उभ्याने बीपी पडणं, बद्धकोष्ठ, लघवीवरचा ताबा सुटणं ही पूरक लक्षणं आहेत. एएफटीने पारडं झुकतं, पण चार मुख्य लक्षणांपैकी एकच असेल तर निदानाची पायरी ओलांडायला त्याच निकषांतल्या तीन जास्त वजनाच्या चाचण्यांपैकी एखादी लागते.

रात्रभराचा झोपेचा अभ्यास. स्वप्नावस्थेत स्नायू सैल पडायला हवेत तसे पडतायत का, ते यात दिसतं. आजी खाली गादी टाकून झोपत असतील तर आधी हीच मागा.

एमआयबीजी स्कॅन. हृदयाच्या नसा किरणोत्सारी औषध किती शोषतात ते साधारण १५ मिनिटांनी आणि पुन्हा तीन-चार तासांनी पाहतात. लेवी बॉडीत शोषण कमी, अल्झायमरमध्ये बहुधा नेहमीसारखं. हार्ट अटॅक, हृदय कमकुवत होणं, मधुमेहातली नसांची खराबी आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या याही चाचणीला फसवतात. औषधांची तीच यादी पुन्हा न्या.

मेंदूतल्या डोपामिनच्या वाहकांचा स्कॅन, म्हणजे डॅट. मधुमेहाने एएफटी निकामी केली असेल तेव्हा हा विशेष उपयोगी, कारण तो हृदयाच्या नसांवर अवलंबून नाही.

ईईजी स्वस्त आहे आणि जवळपास मिळते. लेवी बॉडीत मेंदूच्या मागच्या भागातल्या लहरी आठ हर्ट्झच्या खाली मंदावतात आणि मिनिटागणिक बदलत राहतात. अल्झायमरच्या सुरुवातीला त्या तुलनेने टिकून असतात. रुग्ण झोपाळलेला असेल तर लहरी तशाही मंदावतात, म्हणून नोंद पूर्ण जाग असताना घेतली का ते विचारा. काही आठवड्यांत झपाट्याने खालावणारा रुग्ण असेल तर मात्र ईईजी लगेच करा, रांगेत थांबू नका.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना वही, औषधांची पिशवी, तीन सकाळचे आकडे आणि एएफटीचा आलेखासकट रिपोर्ट, एवढं सोबत हवं. लेवी बॉडीचा संशय त्यांनी बोलून दाखवला, तर त्याच खुर्चीत बसून फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घ्या: "लेवी बॉडी संशयित. हॅलोपेरिडॉल देऊ नये." पुढच्या वेळी मध्यरात्री, पाय मोडून, दुसऱ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं आणि आजोबा आरडाओरडा करू लागले, तर ड्यूटीवरचा डॉक्टर आधी तेच पान उघडेल.